थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये तुटून राहिलेला स्क्रू

मोटारीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) वाट उघडणारी झडप, बदलणे हे मुळात किरकोळ काम आहे. कूलंट काढून घ्यायचे, झाकणाचे तीन स्क्रू सोडवायचे, जुना थर्मोस्टॅट उचलून नवा ठेवायचा आणि झाकण पुन्हा बसवायचे, एवढेच ते असते. माझ्या गाडीत हे झाकण आणि ते ज्यावर बसते ते हाउसिंग, दोन्ही ॲल्युमिनियमचे ओतीव भाग आहेत. त्यांना जोडणारे स्क्रू मात्र पोलादाचे, एम ६ मापाचे, म्हणजे बाहेरून ६ मिमी जाड आणि १ मिमी पिचचे (लगतच्या दोन आट्यांमध्ये १ मिमी अंतर असलेले) आहेत. त्यांपैकी दोन स्क्रू विनातक्रार निघाले. तिसऱ्याचे डोके सॉकेटमध्ये राहिले आणि उरलेला स्क्रू हाउसिंगच्या आत, पृष्ठभागापासून सुमारे ३ मिमी खाली तुटून राहिला. पुढचे सगळे काम या उरलेल्या तुकड्याचे आहे.

स्क्रू सुटणार की तुटणार, हे हाताला बहुतेक वेळा आधी कळते. सुटणारा स्क्रू सुरुवातीला अजिबात हलत नाही, मग ‘कट्’ असा आवाज करून एकदम ढिला होतो. तुटणारा स्क्रू आवाज न करता फिरू लागतो, पण त्या फिरण्यात एक मऊपणा असतो. पाना पुढे जातो आणि हात सैल केला की थोडा मागे येतो. याचा अर्थ स्क्रूचे डोके फिरत आहे आणि शेंडा जागेवर आहे, म्हणजेच मधला दांडा पिळला जात आहे. ही जाणीव होताच पाना थांबवून स्क्रू घट्ट होण्याच्या दिशेला किंचित नेला, तेल दिले आणि पुन्हा हळूच मागे आणला. पण दांडा आतून आधीच कमकुवत झालेला होता. हातात आलेल्या तुकड्याचे टोक भिंगाखाली पाहिल्यावर कडेने एका बाजूला रुंद होत गेलेले काळपट तपकिरी कडे दिसले आणि मध्ये ताज्या तुटीचा स्वच्छ करडा भाग दिसला. आट्यांच्या तळाशी जी जाडी सुमारे ४.८ मिमी असायला हवी, ती व्हर्नियरने ४.५ मिमी भरली. डोक्यावर ८.८ हा दर्जाचा आकडा स्पष्ट उमटलेला होता, म्हणजे पोलाद हलके नव्हते. गंजाने त्याचा गाभाच कमी केला होता.

स्क्रू का अडकला, हे समजून घेतल्याशिवाय तो कसा काढायचा हे ठरवता येत नाही. लोखंडात लोखंडाचा बोल्ट अडकतो तेव्हा तांबूस गंज हे कारण असते. ॲल्युमिनियममध्ये पोलाद अडकते तेव्हा प्रकार वेगळा असतो. या दोन धातूंच्या मध्ये पाणी किंवा जुने झालेले कूलंट शिरले की त्यांचा एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. स्क्रू आणि आटे यांच्यामधली फट ती आधी भरून काढते आणि मग दोन्हींवर दाब देत राहते. म्हणजे स्क्रू नुसता चिकटलेला नसतो, तो चहूबाजूंनी आवळला गेलेला असतो. माझ्या बाबतीत झाकणाखालच्या गॅस्केटमधून (पाझर रोखणाऱ्या पातळ थरातून) वर्षानुवर्षे थेंब-थेंब पाझर होत असावा, कारण त्या स्क्रूच्या भोवती झाकणावर पांढरट, खरखरीत थर चढलेला होता.

सर्वांत आधी हाउसिंग इंजिनावरून उतरवून कामाच्या टेबलावर आणले. इंजिनावर असतानाच ड्रिल चालवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण हाउसिंग उतरवायचे म्हणजे आणखी बोल्ट सोडवणे आले आणि त्यांपैकी एखादा तुटण्याची भीतीही असते. परंतु इंजिनाच्या खोबणीत वाकून, तिरक्या हाताने, डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या जागी ६ मिमीच्या स्क्रूचा मध्य साधता येत नाही. शिवाय ड्रिलचा पोलादी कीस थेट कूलंटच्या मार्गात पडतो. हाउसिंगचे बोल्ट जाड, एम ८ मापाचे होते आणि ते व्यवस्थित सुटले. कूलंट त्याआधीच, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण असलेल्या डब्यात काढून ठेवले होते. त्यातले ग्लायकॉल विषारी असते आणि गोडसर चवीमुळे जनावरे ते चाटतात, त्यामुळे ते उघड्या पातेल्यात ठेवू नये.

टेबलावर आल्यावर लगेच हत्यार न उचलता मोजमापे घेतली. चांगल्या निघालेल्या स्क्रूची डोक्याखालची लांबी २० मिमी होती आणि झाकणाच्या कडेची जाडी ८ मिमी. म्हणजे हाउसिंगमध्ये स्क्रू १२ मिमी जात होता, आणि वरचे ३ मिमी रिकामे झाल्यामुळे आत ९ मिमीचा तुकडा उरला होता. शेजारच्या रिकाम्या छिद्रात बारीक तार घालून पाहिल्यावर छिद्राचा तळ साधारण १४ मिमीवर लागला. हे छिद्र आरपार नव्हते. तळाच्या पलीकडे पातळ भिंत आणि तिच्या मागे कूलंटची पोकळी होती. ड्रिल त्या भिंतीतून गेले असते तर स्क्रू निघाला काय आणि न निघाला काय, हाउसिंग भंगारात गेले असते. आरपार छिद्रात खालून तेल देता येते, खालून टोकही दिसते. बंद छिद्रात या दोन्ही सोयी नसतात.

तेलापासून सुरुवात केली. गंज सोडवणारे पातळ तेल वरच्या ३ मिमीच्या खड्ड्यात भरून ठेवले, मधूनमधून एका बोथट पिनने तुकड्याच्या डोक्यावर हलके ठोके दिले आणि आटत गेले तसे तेल पुन्हा घातले. गॅरेजमध्ये काम करणारे बरेच जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. ते मिश्रणही वापरून पाहिले. दाबून बसलेल्या पांढऱ्या भुकटीत तेल फार सावकाश झिरपते, हे यात स्पष्ट दिसले. तांबूस गंज सच्छिद्र असतो आणि तेल ओढून घेतो. ही भुकटी तसे करत नाही. तेलाचा उपयोग झाला नाही असे नाही, पण तो नंतर, ड्रिल केल्यानंतर झाला.

पुढचा उपाय उष्णतेचा होता. तापमान एका अंशाने वाढले की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांश मापात सुमारे २३ भाग वाढते, पोलाद सुमारे १२ भाग. दोन्ही सारखेच तापवले तरी छिद्र स्क्रूपेक्षा जास्त मोठे होते. ६ मिमीच्या छिद्राला १५० अंशांनी तापवले तर हा फरक जेमतेम ०.०१ मिमी येतो. तो आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण आवळून बसलेल्या भुकटीचा दाब कमी करायला तो कामाचा असतो, आणि तापवणे-गार करणे पुन:पुन्हा केले की भुकटीचा थर तडकतो. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही. वितळेपर्यंत त्याचा रंग जवळपास तोच राहतो, त्यामुळे नजरेने तापमानाचा अंदाज येत नाही, आणि उष्णता देऊन कठीण केलेले मिश्रधातू जास्त तापले तर कायमचे मऊ पडतात. म्हणून ज्योत न वापरता हीट गन वापरली आणि तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले. दुसरी गोष्ट मोजण्याची आहे. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, कारण असा पृष्ठभाग किरण फार कमी सोडतो. हाउसिंगवर काळ्या मार्करने एक ठिपका रंगवला आणि तिथला आकडा धरला. त्या ठिपक्यावरचा आणि शेजारच्या उघड्या धातूवरचा आकडा यांत इतका फरक होता की ठिपक्याशिवाय मोजत राहिलो असतो तर भाग जाळूनच टाकला असता. तापवण्याआधी तापमानाचा सेन्सर, रबरी रिंग आणि प्लॅस्टिकचे तोंड काढून ठेवले होते, आणि ॲसिटोनचा अंश राहू नये म्हणून भाग पुसून पूर्ण वाळवला होता.

या सगळ्यानंतर छिन्नीच्या बारीक टोकाने तुकड्याच्या कडेला उलट दिशेने ढोसून पाहिले. तुकडा हलला नाही. आता धातूच कापावा लागणार, हे उघड झाले.

इथे उपायांची निवड करावी लागते, आणि माझ्या मते बहुतेक तुटलेले स्क्रू कायमचे बिघडतात ते याच टप्प्यावर. तुटलेला भाग पृष्ठभागाच्या वर थोडासाही शिल्लक असता तर मी वेल्डिंग करणाऱ्याकडे गेलो असतो. तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला की पकडायला नवे डोके मिळते, वेल्डची उष्णता नेमकी स्क्रूलाच बसते, आणि पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोवतालचे हाउसिंग जोडले जाण्याची भीती कमी असते. जाड स्टडसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. परंतु ६ मिमी व्यासाच्या, ३ मिमी खोल खड्ड्याच्या तळाशी वेल्ड उभा करत आणणे हे फार सराईत हाताचे काम आहे. दुसरा एक शांत उपाय घड्याळे दुरुस्त करणारे वापरतात: पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम द्रावणात ठेवतात, पोलाद हळूहळू विरघळते आणि पितळ तसेच राहते. घड्याळातला स्क्रू सुईच्या टोकाएवढा असतो. ९ मिमी लांबीचा एम ६ विरघळण्याची वाट पाहण्याइतका धीर माझ्याजवळ नव्हता, शिवाय हाउसिंगमध्ये ठोकून बसवलेली पोलादी पिनही त्यात गेली असती.

राहिला तो सर्वांना आधी आठवणारा उपाय, म्हणजे इझी आउट. स्क्रूच्या मध्यात छिद्र पाडायचे, त्यात उलट्या आट्यांचा निमुळता काढणारा ठोकायचा आणि उलट फिरवून स्क्रू बाहेर आणायचा, ही त्याची कल्पना. डोके केवळ जास्त आवळल्यामुळे तुटले असेल आणि आतले आटे मोकळे असतील, तर तो उत्तम चालतो. पण गंजाने आवळलेल्या बारीक स्क्रूसाठी त्याचे गणितच जुळत नाही. गोल दांड्याची पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. माझा स्क्रू ४.५ मिमीच्या गाभ्यावर तुटला, म्हणजे ४.५ मिमीचा दांडा त्याला फिरवू शकला नव्हता. ३ मिमीच्या छिद्रात बसणारा इझी आउट फार तर ३ मिमी जाड, ४.५ चा घन ९१ आणि ३ चा २७, म्हणजे सारख्या पोलादात त्याची ताकद एक तृतीयांशाहूनही कमी. काढणाऱ्याचे पोलाद जास्त कडक असते हे खरे, पण कडकपणाबरोबर ठिसूळपणाही येतो. भरीत भर म्हणजे निमुळता काढणारा आत घुसताना स्क्रूला आतून फुगवतो आणि तो आणखी आवळला जातो. आणि तो काढणारा एकदा आत तुटला की साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. मग कार्बाइडचे हत्यार किंवा विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारे यंत्र शोधावे लागते. म्हणून इझी आउट पेटीतच राहू दिला. ठरवले असे की स्क्रू फिरवायच्या भानगडीत न पडता त्याचा गाभा पोकळ करत जायचे, इतका की तो भोवतालच्या दाबाने आतल्या बाजूला कोसळेल.

हे ठरल्यावर एकच प्रश्न उरतो, तो छिद्राच्या मध्याचा. तुटीचा पृष्ठभाग कधीच सपाट नसतो, तिरका असतो, आणि ड्रिलचे टोक उतारावरून मऊ ॲल्युमिनियमकडे घसरते. एकदा ते तिकडे गेले की परत आणता येत नाही. सेंटर पंचने मध्य मारायचा हा नेहमीचा मार्ग, पण ३ मिमी खोल, अंधाऱ्या खड्ड्यात नजरेने मध्य ठरवण्यावर माझा विश्वास नव्हता. इथे स्क्रू खोलात तुटलेला असणे हीच सोय ठरली. वरचे ३ मिमी आटे रिकामे आणि शाबूत होते, आणि आट्यांच्या आतल्या कडा मूळ स्क्रूच्या मध्याशी अगदी एककेंद्री असतात. लेथवर काम करणाऱ्या एका परिचिताकडून पितळेचा एक लहान बुश, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी जाड भिंतीची नळी, करून घेतला. त्याचे खालचे नाक ४.९ मिमी जाड आणि ३ मिमीपेक्षा किंचित आखूड होते, जे रिकाम्या आट्यांमध्ये अलगद बसले; त्याच्या वरचा भाग झाकणाच्या छिद्रात बसेल असा ६.५ मिमीचा होता. वर झाकणावर टेकणारी २ मिमीची कड, आणि मधून आरपार ३ मिमीचे छिद्र. झाकण त्याच्या जागी ठेवून उरलेल्या दोन स्क्रूंनी बसवले आणि त्याच्या छिद्रातून बुश खाली सोडला. आता ड्रिल कुठेही घसरू शकत नव्हते आणि तिरकेही होऊ शकत नव्हते. पृष्ठभागाच्या पातळीत तुटलेला स्क्रू दिसायला सोपा असतो, पण त्याला असा आधार मिळत नाही. तिथे झाकणाच्या छिद्रावरच अवलंबून राहावे लागते आणि ते आट्यांपेक्षा मुद्दाम सैल ठेवलेले असते. बुश बसवण्याआधी तुटीची उंच कड बारीक गोल कटरने घासून सपाट करून घेतली होती, नाहीतर नाक पूर्ण खाली गेले नसते.

ड्रिल डाव्या हाताचे, म्हणजे उलट फिरताना कापणारे घेतले. साधे ड्रिल कापताना स्क्रूला घट्ट होण्याच्या दिशेने ढकलते. डावे ड्रिल त्याला सोडवण्याच्या दिशेने ओढते, आणि कधी कधी स्क्रू अर्ध्या कामातच आपोआप फिरून वर येतो. उभ्या ड्रिल मशीनवर सहसा उलटी फेरी नसते, म्हणून हातातले उलटे फिरणारे ड्रिल वापरले; बुशमुळे ते शक्य झाले. झाकण, बुशची कड आणि तुकड्याचा शेवट यांची बेरीज २२ मिमी होत होती, म्हणून ड्रिलवर टोकापासून २३ मिमीवर कागदी चिकटपट्टीचा पट्टा गुंडाळला. फेऱ्या मिनिटाला हजाराच्या आसपास ठेवल्या, दाब सतत आणि ठाम ठेवला, आणि थोडे खोल जाताच ड्रिल बाहेर काढून कीस झटकून पुन्हा कापायचे तेल दिले. ८.८ दर्जाच्या पोलादावर ड्रिल दाब न देता नुसते फिरत राहिले तर ते कापत नाही, घासते, आणि घासलेला पृष्ठभाग कडक होत जातो.

या वेळी माझे सगळे लक्ष किसाकडे होते. पोलादाचा कीस काळसर करडा, तुटक आणि लोहचुंबकाला चिकटणारा होता. ॲल्युमिनियमचा पांढरा, मऊ आणि लांब वेटोळ्यांचा असतो. प्रत्येक वेळी बाहेर आलेला कीस कागदावर घेऊन त्यावर चुंबक फिरवला. कागदावर काही उरले नाही, तोपर्यंत छिद्र मध्यात आहे असे मानायला हरकत नव्हती. पट्टा बुशच्या कडेजवळ पोहोचायच्या बेतात असताना ड्रिल एकदम हलके झाले, म्हणजे टोक तुकड्याच्या खालून बाहेर पडले होते. तिथेच थांबलो.

स्क्रू आपोआप वर आला नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. पण आता तो दांड्याऐवजी नळी झाला होता आणि तिच्यातून तेल तळापर्यंत पोहोचत होते. छिद्र तेलाने भरून भाग रात्रभर तसाच ठेवला, मग पुसून, वाळवून पुन्हा तापवला आणि गार होताना परत तेल दिले. या वेळी नळीच्या बाहेरच्या कडेला, आट्यांच्या रेषेवर, बारीक बुडबुडे येताना दिसले. म्हणजे तेल खालून वर चढत होते आणि भुकटीच्या थरात वाट तयार झाली होती.

झाकण आणि बुश काढून ४ मिमीचे डावे ड्रिल पहिल्याच छिद्राच्या मागाने घातले. ते कर्कश आवाज करत गेले, एका जागी अडखळले, पण नळी जागची हलली नाही. मग ४.५ मिमीचे घेतले. या मापाला भिंत इतकी पातळ राहते की आट्यांच्या तळाशी कागदापेक्षा थोडी जास्त जाडी उरते. फेऱ्या अगदी कमी केल्या. साधारण अर्ध्यावर ड्रिलने नळीला पकडले, हाताला झटका बसला आणि वरचे तीन-चार आटे ड्रिलभोवती गुंडाळलेल्या पोलादी तारेच्या वेटोळ्यासारखे बाहेर आले. खालचा भाग राहिला. आता ड्रिल पुढे न नेता धारदार टोच्याने उरलेल्या नळीची वरची कड आतल्या बाजूला दुमडली. कड दुमडली की तिच्या मागचा पांढरा थर उघडा पडतो. तो खरवडला की पुढचा भाग दुमडतो. बारीक टोकाच्या पक्कडीने दुमडलेली कड धरून उलट दिशेने पिळत गेलो, आणि उरलेले आटे थोडे तुकड्यांत, थोडे सलग असे निघाले. यात घाई केली तर टोच्या पोलादावरून घसरून ॲल्युमिनियमच्या आट्यांवर ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा पुढे टॅपला (आटे पाडणाऱ्या हत्याराला) चुकीच्या वाटेने नेऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा पूर्ण वेळ होता. पातळ पोलादाची सळ तुटून उडते तेव्हा ती दिसत नाही.

छिद्र रिकामे झाल्यावर आट्यांच्या खोबणींमध्ये पांढरी भुकटी घट्ट बसलेलीच होती. ती काढायला एम ६ च्या संचातला तिसरा, सपाट टोकाचा टॅप घेतला, कारण पहिल्या टॅपचे निमुळते टोक बंद छिद्राच्या तळाला टेकते आणि खालचे आटे तसेच राहतात. टॅप आधी उलटा फिरवला. उलटा फिरवताना एका क्षणी तो अलगद खाली पडल्याचे बोटांना जाणवते. तिथे त्याचा दात जुन्या आट्याच्या सुरुवातीला बसलेला असतो. तिथून सरळ फिरवले तर तो जुन्याच वाटेने जातो, नवे आटे पाडत नाही. हँडल न लावता, केवळ बोटांनी, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे करत तो खाली नेला. तेलात मिसळलेला राखाडी चिखल बाहेर येत राहिला. शेवटी हवेने छिद्र फुंकून, भिंगातून प्रत्येक आटा पाहिला. वरचे दोन आटे कडेने थोडे झिजलेले होते, बाकीचे पूर्ण उंचीचे होते.

आटे गेले असते तर तारेचे वेटोळे बसवायचे ठरवले होते. त्यासाठी जुने छिद्र ६.२ ते ६.३ मिमीपर्यंत मोठे करून त्या वेटोळ्यासाठीच्या खास टॅपने नवे आटे पाडतात आणि त्यात स्टेनलेस स्टीलचे वेटोळे फिरवून बसवतात, की आतून पुन्हा मूळ एम ६ मिळतो. ॲल्युमिनियममध्ये अशी दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते, तिला कमीपणाची समजण्याचे कारण नाही. इथे तिची गरज पडली नाही.

हाउसिंग परत बसवण्याआधी दोन परीक्षा घेतल्या. तळाची भिंत शाबूत आहे ना, हे पाहण्यासाठी छिद्रात रॉकेल भरून कूलंटच्या पोकळीच्या बाजूला खडूची पूड फासली. पाझर असता तर खडू ओला झाला असता. तो कोरडा राहिला. मग नवा स्क्रू बोटांनी पूर्ण १२ मिमी आत जातो का ते पाहिले, आणि टेबलावरच झाकण लावून तो टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या १० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. काही तासांनी पान्याने पुन्हा पाहिले तेव्हा स्क्रू अजिबात न फिरता पाना त्याच आकड्यावर वाजला.

उरलेले दोन स्क्रू, जे सहज निघाले होते, ते परत वापरले नाहीत. साफ करून मोजल्यावर त्यांतल्या एकाची कंबरही खाल्ली गेलेली दिसली. तो पुढच्या वेळी तुटला असता. नवे तिन्ही स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे घेतले. स्टेनलेसचे घ्यावेत असे सुचवले जाते, कारण ते स्वतः गंजत नाहीत. पण ओल असताना ते शेजारच्या ॲल्युमिनियमला साध्या पोलादापेक्षा कमी त्रास देत नाहीत, आणि अडकवणारी भुकटी तर ॲल्युमिनियमचीच असते. आट्यांवर अँटी-सीझचा अगदी पातळ हात दिला. या वंगणामुळे आवळण्याचा आकडा फसवा होतो, हे लक्षात ठेवावे लागते. कोरडा स्क्रू आवळताना लावलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, ताण म्हणून जेमतेम दहा टक्के उरतो; घर्षण कमी केले की तोच आकडा स्क्रूला कितीतरी जास्त ताणतो. म्हणून टेबलावर कोरड्या स्क्रूला १० दिले होते, तर वंगण लावलेल्यांना ८ वर थांबवले.

गॅस्केट नवे घातले, दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ केले, कारण पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर पडलेली एक रेघही पाझराची वाट होते. नवे कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले, हवा काढली, आणि इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवले. खालचा होज गरम झाल्यावर पंखा सुरू झाला. गार झाल्यावर झाकणाच्या कडेभोवती पांढरा कागद फिरवला, तो कोरडा होता. टाकीतली पातळी किंचित उतरली होती, ती भरून घेतली. पुढच्या गरम-गार फेऱ्यांनंतर कागद पुन्हा फिरवला आणि तेव्हाही तो कोरडाच निघाला. हाउसिंगचे एम ८ बोल्ट उतरवताना त्यांच्यावरही थोडा पांढरा थर दिसला होता, म्हणून तेही याच कामात बदलून टाकले.